स्ट्रासबर्ग की जिनिव्हा, तक्रार नेमकी कुठे टाकायची?

जर्मनी, नेदरलँड्समधल्या आपल्या मंडळींचा ठरलेला प्रश्न, इथली सगळी कोर्टं हरलो, आता स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार न्यायालयात जायचं की जिनिव्हाला यूएनच्या मानवाधिकार समितीकडे? पासपोर्ट भारतीय असला तरी दोन्हीकडे चालतं, फी पण नाही. पण स्ट्रासबर्गला बहुतेक अर्ज दारातूनच परत जातात, केस खरी की खोटी इथपर्यंत गाडी पोचतच नाही.

आधी कॅलेंडर बघा. स्ट्रासबर्गला देशातल्या शेवटच्या निकालापासून चार महिने, पूर्वी सहा होते, १ फेब्रुवारी २०२२ पासून चार झाले, पण जुन्या लेखांत अजून सहाच सापडतात आणि लोक तिथेच फसतात. निकाल १० मार्चला हातात पडला तर शेवटचा दिवस १० जुलै, मग रविवार का असेना. साधं पत्र टाकून भागत नाही, पूर्ण भरलेला, सही केलेला फॉर्म पोस्टानेच जायला हवा. एका मित्राने छान स्पायरल बाइंडिंग करून गठ्ठा आणला होता, तिथे स्टेपल, टेप, बाइंडिंग काहीच चालत नाही, पानांना ओळीने नंबर लागतात आणि कागदांच्या कॉपीच पाठवायच्या, ओरिजिनल नाही. सगळं उसवून पुन्हा नंबर टाकण्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली. हसू नका, फॉर्म अपूर्ण ठरला तर मुदत चालूच राहते.

जिनिव्हाला अशी टांगती तलवार नाही. देशातले उपाय संपून पाच वर्षं, किंवा आधी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे गेला असाल तर तिथलं संपून तीन वर्षं, एवढी सवड असते, त्यापुढे उशिराचं कारण पटवावं लागतं.

देशातले उपाय मात्र दोघांनाही संपलेले हवेत. जर्मनीत म्हणजे साधारणपणे कार्लस्रूहच्या घटना न्यायालयापर्यंत, आणि तिथली मुदत एकच महिना! तिथे जो मुद्दा मांडलाच नाही तो नंतर स्ट्रासबर्गला पहिल्यांदा काढून उपयोग नाही.

आता खरी मेख, क्रम. जिनिव्हाला टाकलेलंच प्रकरण पुन्हा स्ट्रासबर्ग घेत नाही. उलट दिशेने, समितीचा मूळ नियम एवढाच की तेच प्रकरण दुसरीकडे चालू नको, पण जर्मनी, स्पेनसारख्या देशांनी अट घालून ठेवलीय की दुसरीकडे आधी तपासलेलं प्रकरणही चालणार नाही, नेदरलँड्सने तशी घातलेली नाही. त्यातही २०१३ मध्ये स्पेनमधल्या छळाच्या एका प्रकरणात समितीने म्हटलं की स्ट्रासबर्गने थोडक्यात फेटाळलं म्हणजे तपासलं असं होत नाही, आणि तक्रार घेतली. ब्रिटन, स्वित्झर्लंडविरुद्ध मात्र समितीकडे जाताच येत नाही, भारताविरुद्धही नाही.

मिळतं काय? स्ट्रासबर्गचा निकाल सरकारवर बंधनकारक, भरपाईही मिळू शकते. समितीचं मत सरकारं कधी मानतात, कधी गुंडाळून ठेवतात. मालमत्तेचा वाद असेल तर स्ट्रासबर्गच, समिती ज्यावर चालते त्या यूएनच्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात तो हक्कच नाही. भेदभावाची तक्रार असेल तर त्याच कराराचं समानतेचं कलम २६ जास्त ऐसपैस आहे, फक्त जर्मनीने त्यावरही अट घालून ठेवलीय.

मला विचाराल तर चार महिन्यांतले निदान दोन उरले असतील तर स्ट्रासबर्ग, मुदत हुकली असेल तर गुमान जिनिव्हा. आणि वकील सुरुवातीला सक्तीचा नसला तरी स्ट्रासबर्गने सरकारला नोटीस काढली की सहसा लागतोच, तेव्हा त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढा.