भाऊबीजेची बावीस पाने : दादरच्या एका पोळीभाजी केंद्राचा अनुभव

माहीमच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात भाऊबीजेला बावीस माणसे जेवायला असतात. गेली अनेक वर्षे त्या दिवशी सासूबाई आणि मी पहाटेपासून ओट्याशी उभ्या असायचो आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या माझ्या भावाशी आणि नणंदांशी धड चार वाक्येही बोलणे होत नसे. यंदा सासूबाईंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर आम्ही दादर पश्चिमेच्या एका पोळीभाजी केंद्राला रात्रीच्या जेवणाची ऑर्डर दिली. गिरगाव, दादर, पार्ले या भागांत अशी केंद्रे बरीच आहेत आणि घरगुती समारंभासाठी त्यांच्याकडे जाण्याचा विचार अनेकजण करत असतील, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

या केंद्राची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ऑर्डर घेण्याची त्यांची पद्धत. मी पदार्थांची यादी लिहून नेली होती, परंतु केंद्र चालवणाऱ्या काकूंनी ती बाजूला ठेवून आधी विचारले, "ताई, पाने नक्की किती वाजता मांडणार? आणि त्यांत लहान मुले किती, पथ्याची माणसे किती?" मग त्यांनी माझ्या यादीतली बासुंदी खोडली. चार दिवस लाडू, करंज्या, चकल्या खाल्लेल्या माणसांना दुसरे गोड नको असते, त्यांना आंबटतिखट काहीतरी हवे असते, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते पूर्णपणे खरे ठरले. शेवटी मसालेभात, शेंगदाणे व हरभऱ्याची डाळ घातलेली अळूची पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, कोथिंबीर वडी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, श्रीखंड आणि मठ्ठा असा बेत ठरला. पानामागे 280 रुपये, त्यातले निम्मे आगाऊ, आणि ऑर्डर किमान आठ दिवस आधी. दिवाळीच्या आठवड्यात त्यांच्याकडे फराळाचेही काम असते, हे पाहता ही अट मला रास्त वाटली.

माणसागणिक प्रमाणाचा त्यांचा हिशेबही शिकण्यासारखा होता. पुऱ्या असताना मसालेभाताला माणशी सत्तर ग्रॅम तांदूळ पुरतो, असे सांगून त्यांनी बावीस पानांना दीड किलो तांदूळ धरला. मी अडीच किलो सांगणार होते. भात एक वाडगाभर उरला, तेवढाच.

या कामामागे मुंबईची जुनी परंपरा आहे, हेही येथे नमूद करावेसे वाटते. घरदार कोकणात किंवा घाटावर ठेवून गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांना गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनी जेवू घातले. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना एकत्र आणले. आमच्या केंद्राच्या काकूंच्या सासूबाई परळला अशीच खाणावळ चालवत. बावीस माणसांचा अंदाज त्या कागदाशिवाय कसा बांधतात, याचे उत्तर मला तेथे मिळाले.

जेवण संध्याकाळी सव्वासात वाजता आले. शिजवलेले अन्न एकतर 60 अंशांच्या वर गरम राहावे किंवा 5 अंशांच्या खाली थंड, हा नियम त्यांनी शक्य तेवढा पाळला होता : भात आणि अळूची भाजी दुहेरी भिंतीच्या गरम डब्यांत होती, श्रीखंड बर्फाच्या पेटीत. कोथिंबीर वडीचे उंडे वाफवून, न कापता पाठवले होते. हा निर्णय फार शहाणपणाचा होता, कारण वड्या कापून तळण्याचे एकच काम घरात उरले, ते माझ्या जावेने वीस मिनिटांत केले आणि घरभर तळणीचा वास पसरल्याने जेवण आपल्याच स्वयंपाकघरातले वाटले. अळूच्या भाजीला चिंचगुळाची चव नेमकी होती आणि घसा जराही खाजला नाही. सासूबाईंनी ती दोनदा मागून घेतली, याहून मोठे प्रशस्तिपत्र आमच्या घरात नाही.

पुऱ्यांच्या बाबतीत मात्र निराशा झाली. त्या साडेआठला वेगळ्या फेरीने येतील असे कबूल केले होते, परंतु दादरच्या गर्दीतून दुसरी फेरी जमणार नाही म्हणून त्या सर्व जेवणाबरोबरच आल्या आणि झाकणबंद डब्यात तासभर राहून वातड झाल्या. माझे स्पष्ट मत असे आहे की जी गोष्ट पाळता येणार नाही ती सणाच्या दिवशी कबूल करू नये. दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वतः फोन करून चूक मान्य केली आणि पुऱ्यांचे पैसे हिशेबातून वजा केले. पुढच्या खेपेला मी घडीच्या पोळ्या सांगणार आहे, त्या दोन तास सहज मऊ राहतात.

मठ्ठा चार लिटर सांगितला होता, तो जेवण संपण्याआधीच संपला. सहा लिटर सांगावा.

ताटे, पेले आणि वाढप ही बाजू केंद्राकडे नाही. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी असल्याने आम्ही सुपारीच्या पानांच्या पत्रावळी आणल्या. त्या अळूची पातळ भाजीही नीट पेलतात. भाजीसाठी वाट्या मात्र घरच्याच काढल्या, आणि जेवणानंतर घासायला तेवढ्याच होत्या. डब्यांसाठी केंद्र 1000 रुपये अनामत घेते, डबे तिसऱ्या दिवसापर्यंत परत करायचे असतात आणि झाकणे मोजून घेतली जातात, तेव्हा उतरवून घेतानाच मोजावीत. पाहुण्यांनी उरलेले अन्न बरोबर नेण्यासाठी स्वतःचे डबे आणावेत, असे आधी कळवले होते, त्यामुळे रात्री साडेदहाला फ्रिजमध्ये फक्त श्रीखंडाची एक वाटी होती आणि माझा भाऊ, पाच वर्षांत पहिल्यांदाच, शेवटची गाडी सुटेपर्यंत माझ्यासमोर बसून बोलत होता.