आयरिश पूर्वजांचा शोध: गेलिक वंशावळी की ग्रिफिथची जमीननोंद?

ओ'नील किंवा मॅकार्थी आडनाव मिळालं की पहिला मोह मध्ययुगीन गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या मूळ आयरिशभाषी समाजाच्या, वंशावळींचा होतो. थेट राजापर्यंत पोचवणारा हा रस्ता आहे, आणि तो वाचायला विलक्षण आहे. त्या समाजात सत्ता थोरल्या मुलाकडे आपोआप जात नसे. एकाच पणजोबाचे वंशज म्हणजे 'देर्बफिने', आणि त्यातल्या कुणाचाही सरदारकीवर हक्क असू शके. म्हणजे वंशावळ हाच दाव्याचा पुरावा. ती जपणारी पिढीजात घराणी सरदारांच्याच आश्रयाला, त्यामुळे सोयीचे पूर्वज त्यात बेमालूम जोडले गेले. शिवाय दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या साध्या शेतकऱ्याचं, गुराख्याचं नाव त्यात जवळपास नाहीच.

ग्रिफिथची जमीननोंद (१८४७–१८६४), म्हणजे रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली करआकारणीसाठी झालेली आयर्लंडभरची नोंद, रुक्ष आहे. गाव, जमीन कसणारा, ती भाड्याने देणारा, क्षेत्र आणि करासाठी ठरवलेलं मूल्य, एवढंच. आपल्या सातबाऱ्यासारखीच म्हणा ना! बायकामुलांची नावं नाहीत, ही मोठी उणीव. पण १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातल्या स्फोटात आणि आगीत १८२१ ते १८५१च्या जनगणनांची बहुतेक कागदपत्रं जळाली. त्यामुळे १८४०च्या दशकातल्या महादुष्काळाच्या काळातलं घर शोधायला या नोंदीइतका आधार दुसरा क्वचितच.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात ग्रिफिथपासून करा. गाव सापडलं की चर्चच्या बाप्तिस्मा-विवाह नोंदी उघडा. वंशावळी जरूर वाचा, पण त्या गेलिक राजकारण समजून घेण्यासाठी. आपलं नाव राजाच्या फांदीला टांगण्यासाठी नको.