खरं बोलणारा एजंट

‘टू बीएचके, धायरी, तिसरा मजला. किचन अंधारं. लिफ्ट कुरकुरते. पार्किंग उघड्यावर. चालत असेल तरच फोन करा.’

ही जाहिरात वाचून मी मोठ्याने हसलो आणि हिला वाचून दाखवली. २०२३ चा मार्च होता. चार महिने पुण्यात रिसेलचं घर शोधून ‘प्रशस्त’, ‘हवेशीर’, ‘सर्व सोयी हाकेच्या अंतरावर’ या शब्दांचा वीट आला होता. एक ‘गार्डन फेसिंग’ घर तर पाहायला गेलो तेव्हा समोर भंगारवाला निघाला. त्यात हा एक माणूस सरळ लिहीत होता की किचन अंधारं आहे. मी लगेच फोन लावला. मासा गळाकडे कसा जातो ते सांगतोय.

पहिल्या दिवशी त्याने धायरीचं घर दाखवलंच नाही. आधी नऱ्ह्यातलं एक दाखवायला नेलं आणि दारातच म्हणाला, “काकू, चपला काढूच नका. खालून ड्रेनेजची लाइन जाते, पावसाळ्यात वास येतो. माझी दलाली होईल, पण तुम्ही रोज मला शिव्या घालाल.” वडगावच्या दुसऱ्या घराला त्याने ‘भाव फुगवलाय’ म्हणून बाद केलं. परतताना हिने त्याला आग्रहाने उसाचा रस पाजला.

ही दोन्ही घरं दुसऱ्या एजंटांच्या हातातली होती. विकली असती तर दलाली अर्धी अर्धी वाटावी लागली असती. म्हणजे त्या घरांबद्दल खरंखोटं काहीही बोलायला त्याचा एक पैसा खर्च होत नव्हता. हे मला फार उशिरा कळलं. नऱ्ह्याच्या त्या घरात राहायला आलेल्या बाई पुढे हिच्या भिशीत निघाल्या. दोन पावसाळे काढलेत त्यांनी तिथे. वास म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “कसला वास?”

धायरीच्या घरात तर त्याने कमाल केली. बेडरूमच्या भिंतीवर किल्लीने खरवडलं, रंगाचा पोपडा हातात घेतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. “ओल आहे, काका. वरच्यांच्या बाथरूमची. रंगाऱ्याने झाकलीय, मी झाकत नाही.” पश्चिमेचं ऊन, मे महिन्यापासून लागणारे टँकर, सोसायटीचे तऱ्हेवाईक चेअरमन, सगळं सांगितलं. मग आमच्यासमोर मालकीणबाईंना फोन लावून त्या ओलीपायी पन्नास हजार कमी करून घेतले. साडेचौसष्टचे चौसष्ट लाख झाले. फोनचा स्पीकर बंद होता. तेव्हा ते खटकलंही नाही.

दलाली २ टक्के ठरली, म्हणजे १ लाख २८ हजार. मालकीणबाई सांगलीला मुलाकडे असतात, त्यांना सारखे फोन आवडत नाहीत, काय असेल ते माझ्याशी बोला, असं त्याने सांगितलं. आम्ही त्यांचा नंबर मागितलाच नाही.

टोकन दिल्यावर आठवड्याने तो घरी आला. चेहरा पाडून बसला. “काका, एक अडचण आहे. बाई फर्निचरचे साडेतीन लाख वेगळे मागतायत, ओटा, कपाटं, पलंग धरून. खरं सांगू? महाग आहेत. दोनच्या वर किंमत नाही त्याची. पण बाई हट्टी आहेत, आणि दुसरी पार्टी तयार आहे. रोख हवेत. मुलाला कळू द्यायचे नाहीत, त्यांच्या घरात जरा वाद आहेत.”

या बोलण्याकडे नीट पाहा. ज्या पैशात तो मला बुडवणार होता, तेच पैसे जास्त आहेत हे तोच सांगत होता. त्यावर कोण संशय घेईल? शिवाय मुलासमोर विषय काढायचा नाही, ही सोय त्याने आधीच करून ठेवली.

मी बँकेत बावीस वर्षं काढली आहेत. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात २०१७ पासून मनाई आहे, दंड घेणाऱ्याला होतो, हे मला पाठ होतं. घर हिच्या एकटीच्या नावावर घेतलं ते महिलांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते म्हणून. त्यात चौसष्ट हजार वाचवले. हा एवढा हिशेबी माणूस तीन खेपांत पैसे काढून, जुन्या दिवाळी अंकाच्या पाकिटात घालून एजंटाच्या हातात देऊन आला. पावती मागितली तर म्हणाला, “रोखीची पावती कशी देऊ काका, तुम्ही तर बँकेतले.” मीच ओशाळलो.

दस्तनोंदणीला हवेलीच्या एका दुय्यम निबंधक कार्यालयात मालकीणबाई पहिल्यांदा दिसल्या. सत्तरीच्या, सुती साडी, मांडीवर पिशवी. सर्व्हर बंद पडला होता, सगळे बाकांवर ताटकळत होते. एजंट आमच्या आणि त्यांच्या मध्ये बसून होता. दीड तासाने त्याला कसल्याशा झेरॉक्ससाठी खाली जावं लागलं. बाई सरकून हिच्याजवळ आल्या.

“कपाटं नि पलंग तसाच सोडलाय हं. जुनं आहे सगळं, सांगलीला न्यायचा खर्च कोण करणार? नको असेल तर भंगारात द्या. तुमच्यावर ओझं नको.”

हिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “अहो, पण त्याचे पैसे...”

“कसले पैसे?” बाईंसोबत आलेल्या मुलाने विचारलं.

पुढच्या पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. वाद नव्हता, हट्ट नव्हता, दुसरी पार्टीही नव्हती. बाई चौसष्टलाच द्यायला तयार होत्या, पन्नास हजारांची ती घासाघीस म्हणजे नुसता देखावा. त्यांच्याकडूनही २ टक्के ठरले होते, आणि आमची पार्टी भांडकुदळ आहे, फोन करू नका, असं त्यांना सांगितलं होतं.

एजंट झेरॉक्स घेऊन परत आला, आमची तोंडं पाहिली आणि जराही न गडबडता म्हणाला, “काका, फर्निचरचे म्हटलं होतं. बाईंना नेऊन देतो असं लिहून दिलं होतं का?”

तेवढ्यात अंगठ्याला आणि फोटोला नंबर पुकारला. बाईंचा यात दोष नव्हता, बँकेचा कर्जाचा चेक तयार होता. सही केली.

पोलीस चौकीत ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून वाटेला लावलं. रेराकडे, म्हणजे घरबांधणी व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे जावं म्हटलं, तर तिथल्या कायद्यात दलालाच्या नोंदणीची सक्ती आहे ती बिल्डर विकत असलेल्या घरांच्या व्यवहारासाठी. आमचं रिसेल. बाईंच्या मुलाने मात्र त्यांची दलाली अडवून धरली, आम्ही आमच्या दलालीचा दुसरा हप्ता, आणि महिनाभराच्या बोलण्यानंतर साडेतीनातले दीड लाख आमच्या हिशेबात वळते झाले. दोन लाख गेले ते गेले.

घर पाहत असाल तर मालकाचा नंबर पहिल्या भेटीत घ्या आणि एजंट नसताना एकदा तरी फोन करा. फर्निचरचे पैसे द्यायचेच असतील तर करारात वस्तूंची यादी आणि रक्कम घालून मालकाच्या नावाने चेक द्या. त्याच इमारतीतली आधीची घरं केवढ्याला गेली ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोनमध्ये फुकट दिसतं. मी ते ताबा घेतल्यावर पाहिलं. आमच्या वरचं, तेवढंच घर आठ महिन्यांपूर्वी एकसष्टला गेलं होतं. ओल, ऊन, लिफ्ट सगळं सांगणाऱ्या माणसाने ही गोष्ट सांगितली नव्हती.

ओल खरी होती, बाय द वे. टँकरही खरे. किचनमध्ये दिवसा दिवा लावावा लागतो.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली. ‘वन बीएचके, आंबेगाव. हॉल लहान. जिना अरुंद. खोटं सांगून विकणार नाही.’ खाली फोटोत एक सागवानी कपाट होतं, आणि शेवटची ओळ: ‘फर्निचरचे वेगळे.’