कॅम्पर व्हॅनच्या नादात आमचे साडेसहा लाख गेले

हे पीडब्ल्यूडीतून रिटायर झाले, मी शाळेतून. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. आधी स्कूटरवरच फिरायचो, कधी तांबडी सुर्ल, कधी चोर्ल्याच्या बाजूला डोंगर चढायचा, नाहीतर किरणपाणीला तेरेखोलच्या काठावर गळ टाकून बसायचं, शेवटो मासा लागला तर लागला. पण गुडघे बोलायला लागले आणि ह्यांच्या डोक्यात गाडीतच राहायचं खूळ शिरलं. त्यात ऑनलाइन जाहिरात दिसली, जुनी ट्रॅव्हलर, एमएच १२ नंबर, आत बेड, सिंक, दोन बर्नरची शेगडी, टपावर सोलर, ११ लाख.

बघायला गेलो तर विकणारा चाळिशीतला, काका-काकू करत चहा दिला. मी कपाटाचं दार उघडलं, सनमायका कोरा, स्क्रू चकचकीत, पण खालच्या कोपऱ्यात प्लायला बोट लावलं तर बोट आतच गेलं, ओलं. ह्यांना खुणावलं. मग आम्ही त्या प्लायवरून घासाघीस करून ५० हजार कमी करून घेतले आणि काय शहाणे म्हणून घरी आलो. प्लाय तपासला, कागद कोणी तपासले नाहीत.

आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा, फोटो त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला, त्यात फायनान्सरची, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या नावाची, जागा रिकामी. पन्नास हजार टोकन, मग ६ लाख आरटीजीएस, तेही "भावाच्या" खात्यात, कारण ह्याचं म्हणे केवायसीत अडकलेलं. उरलेले ४ लाख आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आली की द्या म्हणाला आणि चावी हातात ठेवली. ह्या ४ लाखांनीच आम्हाला गंडवलं, जो माणूस एवढे पैसे बाकी ठेवतो तो चोर कसा असेल असं वाटलं! गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या, एनओसी "पंधरा दिवसात".

दोन महिने मजेत गेले हे खोटं कशाला सांगू. पडदे मी शिवले. तो म्हणालेला बीचवर लावा, बाहेर शेगडी काढून भजी तळा, म्हटलं बाबा, गोव्यात बीचवर उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड आहे, तर नुसता हसला. तेव्हाच कळायला हवं होतं की हा काहीही ठोकून देतो.

मग एका सकाळी किरणपाणीला हे गळाला कोळंबी लावत होते आणि दोन माणसं बाइकवरून आली, एकाने गाडीचा नंबर मोबाईलशी ताडून बघितला आणि बॉनेटवर हात ठेवला. "काका, हप्ते थकलेत ह्या गाडीचे." कर्ज पहिल्या मालकाच्या नावावर, तसंच उभं. आम्ही कागद दाखवले, ते म्हणाले तुमचं तुम्ही विकणाऱ्याशी बघा. सामान तेवढं काढू दिलं. शेगडी, डबे, दोन गळ घेऊन पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, कदंबा बसमध्ये उभ्याने.

संध्याकाळी पुण्याच्या मुलाने सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला, दोन मिनिटात फायनान्सरचं नाव समोर. दोन मिनिटं! कर्ज असलेल्या गाडीची एनओसी फायनान्सरच्या संमतीशिवाय निघत नाही, म्हणजे ती कधी येणारच नव्हती. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि आरसीवरचं कर्ज काढायचा फॉर्म ३५ असतो, तो मागायचा आणि बँकेत जाऊन विचारायचं. आणखी एक, आमच्या गाडीच्या आरसीवर साधी बस लिहिलेलं, आत मात्र किचन. असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही, आरसीवर मोटर कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असंच हवं, नाहीतर अपघात झाला की इन्शुरन्सवाले हात वर करायला मोकळे.

१९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे जाऊन दोन महिने झालेले, खातं रिकामं. हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो. पोलिसात तक्रार दिलीय, तारखा चालू आहेत.

परवा ह्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. परत जाहिरात, गाडी वेगळी, नंबर केए, पण फोटोत मागे तेच पत्र्याचं शेड आणि तीच निळी टाकी. खाली लिहिलंय, कागद क्लिअर, बाकी रक्कम एनओसीनंतर. स्क्रीनशॉट काढून हे तसेच पोलीस स्टेशनला गेले, मी इथे लिहायला बसले.