मेलबर्नला सामान पाठवलं, पॅकिंगवाल्यांचा अनुभव
संभाजीनगरहून मेलबर्नला घरसामान न्यायचं होतं, सिडकोतल्या एका पॅकर्सवाल्याला काम दिलं. पोरं कामाला लई भारी, आईची पितळी भांडी आधी कागदात मग बबल रॅपमध्ये अशी बांधली की एकालाही पोचा आला नाही, अन् प्रत्येक खोक्यावर नंबर टाकून यादी दिली, ती कस्टमला लागतेच. पण मालक म्हणायलाय ज्वारी, केरसुणी न्या बिनधास्त, काही होत नाही! अहो ऑस्ट्रेलियावाले बिया, लाकूड, बुटाची माती सुद्धा तपासतात, मीच बसून बूट घासले, ज्वारी बहिणीकडं दिली. भाव क्यूबिक मीटरवर, म्हणजे सामान किती जागा घेतं त्यावर असतो, घरी येऊन मोजल्याशिवाय फोनवरचा आकडा धरू नका, माझा वाढलाच. न्हावा शेवा बंदरापर्यंत ट्रक मात्र टायमावर पोचला. साडेतीन स्टार.