जुन्या खिडकीआडचे दुसरे तावदान : अकरा महिन्यांनंतर

खोलीतली ऊब टिकावी म्हणून जुनी खिडकी तशीच ठेवून आतून दुसरे तावदान बसवतात, हे इथे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. म्हणून थेट तक्रारीपासून सुरुवात करते. बसवून तीन आठवडे होतात न होतात, तोच एका थंड सकाळी दोन काचांच्या मध्ये पाणी ओघळताना दिसले आणि खालच्या लाकडावरचा रंग बोट लावताच पापुद्र्यासारखा सुटून आला. इतकी वर्षे टिकलेले लाकूड माझ्या बचतीच्या हौसेपायी कुजणार, या धास्तीने मी बसवणाऱ्यांना त्या दिवशी तीनदा फोन केला. "हवाच दमट आहे," एवढेच उत्तर मिळाले. तेव्हा माझे मत होते : घेऊ नका.

ते मत आता मागे घेते, कारण दोष वस्तूचा नव्हता. कामगारांनी बाहेरच्या मूळ खिडकीच्या फटी सिलिकॉनने बुजवल्या होत्या आणि आतल्या नव्या चौकटीची रबरी पट्टी मात्र एका कोपऱ्यात बोटभर तोकडी कापली होती. हवे होते नेमके उलटे : आतले तावदान हवाबंद आणि बाहेरचे किंचित मोकळे, म्हणजे खोलीतले बाष्प थंड काचेपर्यंत जात नाही आणि गेलेच तर बाहेर निघून जाते. सिलिकॉन मी स्वतः लाकडी पातीने खरवडले, पट्टी बदलली. त्यानंतर थेंब दिसलेला नाही. बोटभर रबरासाठी दोन महिने गेले, हे मात्र विसरणार नाही.

एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, साधारण ५ वॅट उष्णता निसटते. साध्या दुसऱ्या काचेने ती जवळपास निम्म्यावर येते आणि लो-ई लेपाच्या, म्हणजे उष्णता खोलीतच परतवणारा पातळ थर दिलेल्या, काचेने आणखी घटते. तो लेप मी काटकसर म्हणून नाकारला. चौकट तीच, मजुरी तीच, त्यामुळे ही काटकसर मूर्खपणाची ठरली.

हाताने घडवलेली मूळ काच वाचली, हे समाधान मोठे आहे. तिच्यातल्या लहरींमुळे चालताना समोरचे झाड अजूनही हलकेच थरथरते. नव्या चौकटीची आडवी पट्टी जुन्या पट्टीच्या बरोबर मागे येत असल्याने बाहेरून काही दिसत नाही, आणि उद्या काढली तर स्क्रूंची भोके तेवढी उरतील.

उरलेल्या दोन खिडक्यांसाठी लो-ई काचेची मागणी नोंदवली आहे. रबरी पट्टी या वेळी मीच कापणार आहे.