रेट्रोआर्क: मेनूचं जंगल, पण बटणं मनासारखी
लहानपणचा कॅसेटवाला टीव्ही गेम म्हणजे बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. तो जुन्या पीसीवर खेळायचा असंन तर रेट्रोआर्क घ्या, म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, जाहिराती नाहीत. गेम मात्र सोबत येत नाहीत, अन् कन्सोलनुसार वेगळा ‘कोर’, म्हणजे त्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकावा लागते. मेनू पाहून डोकं गरगरते, हे खरंच.

खरी गंमत कंट्रोलरची. यूएसबी पॅड बहुतेक वेळा आपोआप ओळखते. पण मारिओत ‘बी’ बटण दाबून पळायचं अन् ‘ए’ नं उडी मारायची; रेट्रोआर्कमध्ये ‘बी’ खाली, ‘ए’ उजवीकडं, म्हणून अंगठा वाकडाच होते. गेम चालू असताना क्विक मेनूतल्या कंट्रोल्समध्ये जा, पळायचं बटण डावीकडं अन् उडीचं खाली घ्या, मग त्या कोरसाठी रीमॅप (बदललेली बटणं) सेव्ह करा. नाहीतर उद्या पुन्हा तेच. फॅमिकॉमच्या एफसीईयूएमएम कोरमध्ये टर्बोही (बटण धरून ठेवलं की आपोआप पटापट दाबल्यासारखं) चालू करता येते. आमच्या आर्वीकडचे पोट्टे कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये दुसरं काही दाबतच नाहीत.

अन् लाइनचा (विजेचा) आपल्याकडं काय भरवसा? ऑटो सेव्ह स्टेट, म्हणजे गेम जिथं आहे तिथं आपोआप सेव्ह होणं, गेम नीट बंद केला तरच होते. म्हणून मधूनमधून एफ २ दाबून स्वतःच सेव्ह करत जा बाप्पा.